अकरा अंडी, बारा ठोके

देवकन्या लांजेवारच्या घरात झाकण असलेली कुठलीही वस्तू सुखात नव्हती. भात शिजत ठेवला की दर दोन मिनिटांनी झाकण उचलून ती आत डोकावणार. लोणचं मुरायला घातलं की तिसऱ्या दिवशी बरणीत चमचा. दही विरजलं की ते लागायच्या आत दोनदा बोट. तिचा नवरा रूपचंद पाटकरी होता, म्हणजे तलावाचं पाणी शेताशेतात सोडायचं आणि वेळेवर बंद करायचं यातच त्याची नोकरी सरली. तो म्हणायचा, तलावाच्या दाराची किल्ली चुकून जरी हिच्या हाती लागली असती, तर सावरीटोला गाव केव्हाच वैनगंगेला मिळालं असतं.

अशा बाईच्या घरी तिच्या लेकीनं एक बंद पेटी आणून ठेवली आणि ती उघडायची नाही असं बजावलं. लेकीचा नाइलाज होता, एवढंच म्हणता येईल.

गोष्ट फार लांबच्या काळातली नाही. आज जे पाळण्यात आहेत त्यांना स्वतःच्या घरी पाळणा आणायची वेळ येईल, तेव्हाची. तोवर गोंदियाकडच्या धानपट्ट्यात औषधफवारणी जवळपास थांबली होती आणि ते काम बदकांकडे आलं होतं. रोवणी झाली की बदकांचा कळप बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडायचा. ती किडे खात, गोगलगायी खात, तण तुडवत आणि वर खतही देऊन जात. सावरीटोल्याचा स्वतःचा कळप होता, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मामा तलावावर, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावावर, वाढलेला. गेल्या मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसवर चढला आणि आठवडाभर उतरला नाही. तलावात गुडघाभर पाणी उरलं, तेही हात घालवेना इतकं तापलेलं. सगळा कळप त्यात गेला. रूपचंदच्या न्हाणीमागच्या सांडपाण्यात बसून राहिलेली एक ठिपक्यांची मादी आणि एक नर, एवढी दोनच वाचली.

गावानं बाहेरून बदकं आणून पाहिली. ती संध्याकाळी घरी यायचं नाव घेत नसत. निम्मी मुंगसानं नेली, निम्मी पलीकडच्या गावानं. म्हणून थंडीत ठिपकीनं अकरा अंडी घातली तेव्हा सगळ्या गावाचे डोळे तिच्याकडे लागले. ठिपकी मात्र अंडी घालून मोकळी झाली. या जातीची बदकं अंड्यांवर बसत नाहीत. बसायचं काम गावात नेहमी कोंबडीकडे असे, आणि पुढे आपली पिल्लं पाण्यात शिरलेली पाहून ती बिचारी काठावर ऊर बडवत फिरे.

या वेळी कोंबडीनं भागणार नव्हतं. कोंबडी ऊब देते, पण ऊन शिकवत नाही.

हे ऊन शिकवण्याचं शास्त्र गौतमीचं, देवकन्येच्या लेकीचं. ती नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होती. अंड्यातल्या पिलाला वाढीच्या मधल्या दिवसांत रोज थोडा वेळ, अगदी मोजून, एक-दोन अंश जास्त उष्णता दिली, तर त्याचं शरीर ती लक्षात ठेवतं आणि पुढे मोठेपणी भाजत्या उन्हात तग धरतं. अडचण एवढीच की प्रत्येक अंड्याला सोसेल ती मात्रा वेगळी. जरा जास्त झाली की शाळा राहिली बाजूला, पिलूच जायचं. गौतमीच्या प्रयोगशाळेनं त्यावर अंडी उबवायची पेटी आणि तिच्या जोडीला एक टिकली काढली. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. अंड्याला चिकटवली की कवचातून पिलाच्या काळजाचे ठोके ऐकते आणि अंड्यातून किती वाफ बाहेर पडते तेही मोजते. ठोके ऐकून पेटी ठरवते की या पिलाला आज धडा किती द्यायचा. भंडाऱ्याकडच्या दोन गावांत अशी शिकलेली बदकं गेल्या उन्हाळ्यातून तरली होती. तेव्हा अंडी फुटली की पुढची काळजी फारशी नव्हती. काळजी होती ती अंडी फुटेपर्यंतची.

पुडक्यात बारा टिकल्या होत्या आणि अंडी अकरा. उरलेली टिकली देवकन्येनं सवयीनं आरशाच्या कोपऱ्यात, स्वतःच्या टिकल्यांच्या शेजारी चिकटवून ठेवली. पेटीच्या पडद्यावर अकरा रेघा उमटल्या. गौतमीनं सांगितलं की या पुडक्यातली टिकली जिथे कुठे जागी होईल तिथून इथे दिसेल, आणि इथलं सगळं नागपुरात तिलाही दिसेल.

"मग तुलेच दिसते तर मी कशाले पाह्यजे?" देवकन्येनं विचारलं.

गौतमी म्हणाली की पेटी पुढे गावागावात जाणार आहे, आणि ज्यानं जन्मात अंडं उबवलेलं नाही अशा माणसाच्या हाती ती चालली पाहिजे. मग थोडं थांबून म्हणाली, "आई, तुले जमलं तर कोणालेही जमंल."

रूपचंद हसला. देवकन्याही हसली, पण तिला ते लागलं, कारण बोलण्याचा रोख तिला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी गौतमीला दिवस राहिले होते. दुसराच महिना होता. कोणाला सांगू नको असं लेकीनं सांगितलं होतं, आणि देवकन्येनं आठ दिवसांत अख्ख्या गावाला पेढे वाटले होते. पुढे तो गर्भ टिकला नाही. मग ज्यांनी पेढे खाल्ले होते त्या सगळ्यांचे सांत्वनाचे फोन गौतमीला आले, एकेक करून, पंधरा दिवस. तेव्हापासून लेक बोलायची, पण हवामानाचं बोलायची. काही विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. देवकन्येला या अकरा अंड्यांची काळजी होतीच, पण त्याहून मोठी आशा होती ती ही, की पेटी नीट सांभाळली तर लेकीचं बंद झालेलं दार जरा किलकिलं होईल.

पहिल्याच आठवड्यात तिनं घोळ केला. पेटीत ऊब साडेसदतीस अंश होती आणि ओल पंचावन्न. माघातली कोरडी हवा, ओठ फुटत होते, आणि पंचावन्न म्हणजे शंभरातले जेमतेम निम्मे गुण असं तिला वाटलं. तिनं पेटीत पाण्याची एक जास्तीची वाटी सरकवली. बदक म्हणजे पाण्यातला जीव, त्याला पाणी जास्त झालं म्हणून काय बिघडणार? दोन दिवसांत पेटी कुरकुरायला लागली आणि नागपूरहून फोन आला.

गौतमीनं रागावून नाही, पण मास्तरणीसारखं समजावलं. अंड्याचं कवच दिसतं बंद, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो भोकं असतात. त्यांतून आतलं पाणी वाफ होऊन रोज थोडं थोडं बाहेर जातं, आणि जितकं पाणी जातं तितकी अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी वाढते. पिलू कवच फोडायच्या आधी पहिला श्वास घेतं तो या पोकळीत. शेवटापर्यंत अंड्याचं साधारण सातव्या हिश्श्याएवढं वजन असं हवेत गेलं पाहिजे. भोवती ओल फार झाली तर पाणी बाहेर जाणार कुठे? पोकळी लहान राहते आणि पिलू आतल्या आत गुदमरतं. ओल फार कमी झाली तर ते वाळून चिकटतं. शेवटचे तीन दिवस मात्र उलटा हिशेब. तेव्हा पोकळी झालेली असते, आता पापुद्रा मऊ राहायला हवा, म्हणून ओल सत्तरीच्या वर न्यायची.

"म्हणजे पाण्याचा जीव पाण्यानंच मराचा," देवकन्या म्हणाली आणि वाटी काढून घेतली. तिला आपली स्वतःची माया आठवली असावी, कारण वाटीतलं पाणी तिनं तुळशीलाही थेंबभरच घातलं.

पुढे मात्र तिला सूर सापडला. दुसऱ्या आठवड्यापासून पेटीच तिला दिवसातून एकदा झाकण उघडायला सांगू लागली. रानातलं बदक रोज चरायला उठून जातं, तेव्हा अंडी जरा निवतात, आणि ते भिजल्या पंखांनी परत येऊन बसतं तेव्हा अंड्यांना ओल मिळते. तेच देवकन्येनं करायचं. झाकण उघडायचं, अंडी निवू द्यायची, एखादं मिटल्या पापणीला लावून पाहायचं. गरमही नाही आणि गारही नाही असं लागलं की कोमट पाण्याचा हलका फवारा मारून झाकण बंद. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला झाकण उघडायची आज्ञा करत होतं. ती अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून त्या वेळेची वाट पाहायची. एरवी पडद्याशेजारचं बटण फिरवून ठोके ऐकत बसायची. मिनिटाला दोनशेच्या वर धावायचे ते, नुसती झुंबड. तिनं सगळ्यांना नावं ठेवली. नवव्या अंड्याचा ठोका जरा मागे पडायचा, त्याला रूपचंदनं "सरकारी नोकर" म्हणायला सुरुवात केली.

आणि फोनवर लेक बोलू लागली. आधी अंड्यांचं, मग प्रयोगशाळेतल्या भांडणांचं, मग जावई परवा साखरेऐवजी मीठ घालून चहा कसा प्यायला त्याचं. देवकन्या जपून ऐकायची. त्यापलीकडचं काही विचारायचं तिच्या जिभेच्या टोकावर यायचं, आणि ती ते गिळायची.

शेवटचे तीन दिवस उरले तेव्हा पेटी शेवटची बंद करायला गौतमी स्वतः आली. अंडी फिरवणं बंद, निववणं बंद, ओल वर, आणि आता झाकण उघडायचं ते सगळी पिल्लं बाहेर आल्यावरच. देवकन्येनं लेकीसाठी तलावातले झिंगे तळले होते. गौतमी झिंग्यांवर जीव टाकणारी. त्या दिवशी मात्र ती वासानंच उठून अंगणात गेली, प्रवासानं पित्त झालं म्हणाली, आणि वरण-भात खाऊन परतीच्या बसला निघाली. निघताना केस नीट करायला आरशासमोर उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकन्येनं पडदा पाहिला तर बारा रेघा.

तिनं काचेतून अंडी पुन्हा पुन्हा मोजली. अकरा. रूपचंद म्हणाला, ते यंत्राचं स्वतःचं काळीज असेल, एवढं काम करतं तर त्याला नको का? देवकन्येला वाटलं एखाद्या अंड्यात जुळं असेल. नागपूरला विचारावं म्हणून तिनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. लेक काल जाताना म्हणाली होती, आता तीन दिवस काही करू नको, नुसती राहा. तर नुसतं राहायचं. तिला ते भात न ढवळता बसण्याइतकंच जड गेलं.

मग तो दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळीच अंड्यांतून चिवचिव ऐकू येत होती. सकाळी चौघांच्या कवचांना तडे गेले होते. बदकाचं पिलू घाई करत नाही. पहिलं भोक पाडतं आणि मग दिवसदिवस आत दम घेत पडतं. देवकन्या काचेला नाक लावून बसली होती. गावातल्या बाया अंगणात जमल्या होत्या, आणि त्यांत शेजारची अनुसयामावशी, ऐंशी उलटलेली, दारातच खुर्ची टाकून बसली.

मावशीनं घरावरून नजर फिरवली आणि तिला ते पटलं नाही. बाळंतीण अडते ती घरात झाकपाक असली म्हणजे, असं तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. देवकन्येलाही ते नवं नव्हतं. गौतमीच्या वेळी तिच्या सासूनं गुरांची दावीसुद्धा सोडली होती. मग काय विचारता. कपाटाचं कुलूप निघालं, ट्रंका उघडल्या, पिठामिठाचे डबे उघडे पडले, दारं-खिडक्या सताड, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या गाठी सुटल्या. देवकन्येनं स्वतःचा अंबाडा सोडला. रूपचंदला चपलांचे बंद सोडायला लावले. घरात मुंगी शिरायला अडचण उरली नाही.

"अन् हे?" मावशीनं पेटीकडे बोट केलं. "साऱ्या घराचं उघडलं अन् बाळंतिणीचंच बंद?"

देवकन्येला ठाऊक होतं. तिला सगळं ठाऊक होतं, पोकळी, पापुद्रा, सत्तरीची ओल, सगळं. पण सत्तावीस दिवस आवरलेला हात आणि तीस वर्षांपूर्वीचं सासूचं बोलणं अशी दोन्ही एकदम पुढे आली. बोटभर उघडू, तिनं ठरवलं, रीत पाळल्यासारखं होईल. बोटभर उघडलं तर समोरच्या अंड्याच्या भोकातून एक ओली चोच बाहेर आली, आणि चोचीच्या मागे एक काळा मण्यासारखा डोळा. तो डोळा तिच्याकडे बघत होता. झाकण आणखी वर गेलं. देवकन्या हरखून पाहत राहिली. किती वेळ ते तिला कळलंच नाही. सताड उघड्या घरातून कोरडा वारा आरपार वाहत होता.

पेटी ओरडायला लागली तेव्हा ओल अडतीसवर आली होती.

तिनं झाकण धाडकन लावलं. पण पेटी हवा घेत होती ती खोलीतलीच, आणि खोलीतली हवा वाळल्या पापडासारखी. ओलीचा आकडा वर चढेना. काचेतून दिसत होतं, तडा गेलेल्या अंड्यांवरचा पापुद्रा पांढरा पडत चालला होता. ओला असतो तोवर तो चोचीनं सहज फाटतो. वाळला की पिलाच्या अंगाला असा आवळतो की त्याला आत वळता येत नाही, आणि आत गोल वळल्याशिवाय त्याला कवच कापता येत नाही. नवव्याचा ठोका मंदावला होता. रूपचंद म्हणाला, वीज गेली होती असं सांगू. देवकन्येनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं फोन लावला.

"गौतमी, मी झाकण उघडलं."

देवकन्येला वाटलं, संपलं. दोन वर्षांनी किलकिलं झालेलं दार आपण स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

"किती वेळ?" गौतमीनं विचारलं.

"लय वेळ. पाहतच रायली मी. पापुद्रा वाळून रायला."

"बरं केलं सांगितलंस," गौतमी म्हणाली. "आता पेटीले हात नको लावू. त्या खोलीचीच पेटी कर, आई."

पुढचा तासभर सावरीटोल्यात कोणी विसरणार नाही. देवकन्या स्वतः सुटल्या केसांनी घरभर धावली आणि जे जे उघडलं होतं ते ते बंद केलं. दारं लागली, खिडक्या लागल्या, फटींत चिंध्या गेल्या. चूल, शेगडी, गॅस, सगळ्यांवर पाणी चढलं. बाया आपापल्या घरून उकळतं पाणी घेऊन धावत आल्या. लुगडी गरम पाण्यात भिजवून दोरीवर टाकली. अनुसयामावशी काही वेळ गायब होती; ती परतली ती नातसुनेच्या डोक्यावर धान उकडायचा मोठा गंज, घागरभर पाण्याचं पातेलं, देऊन, आणि त्यातून वाफेचे लोट निघत होते. बाळंतपणाच्या आधीच शेक-शेगडी तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, असं ती म्हणाली, पण पाणी कमी पडू नये म्हणून पुन्हा दुसरा गंज आणायला गेली. खोलीत माणसाला माणूस दिसेना. रूपचंदचा चष्मा धुकटला, भिंतीवरचं कॅलेंडर ओलं होऊन वाकलं. ओल पन्नास झाली. साठ झाली. देवकन्या पेटीसमोर हात मागे बांधून उभी होती, अक्षरशः. तिनं ते पदरानं बांधून घेतले होते.

सत्तरीला आकडा पोचला आणि पहिलं अंडं हललं. कवचाचं टोक टोपीसारखं निघालं आणि एक ओलं, गबाळं, पिवळं-काळं पिलू बाहेर पडलं. मग एकाला बघून दुसरं. आतली पिल्लं एकमेकांची टकटक ऐकून बरोबरीनं बाहेर येतात, हे गौतमीनं सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं. उन्हं कलायच्या आत दहा झाली. नववं तेवढं उरलं. सगळे दहा भाऊबंद त्याच्या अंड्याला ढुशा देत होते. मग त्या अंड्याचं टोक सावकाश उचललं गेलं, अर्ध्यावर थांबलं, पुन्हा उचललं गेलं.

"आला सरकारी नोकर," रूपचंद म्हणाला. "उशिरा का होईना, हजेरी लागली." आणि त्यानं धुकटलेला चष्मा काढून डोळे पुसले.

अंगणात कल्ला झाला. चहा चढला, कोणीतरी गूळ वाटला. देवकन्या आत एकटीच राहिली. ती पेटीशेजारी जमिनीवर बसली. अकरा टरफलं रिकामी होती. त्यांच्यावरच्या टिकल्या गप्प झाल्या होत्या आणि पडद्यावरच्या अकरा रेघा सपाट.

बारावी चालूच होती.

तिनं बटण फिरवलं. आधी अकरांच्या झुंबडीत हा ठोका नीट ऐकूच आला नव्हता. आता तो एकटा होता. पिलांपेक्षा संथ, पण तरी भरभर, एक पाऊलही न चुकता पळत येणाऱ्या लहान मुलासारखा. देवकन्येनं हा आवाज आयुष्यात एकदा ऐकला होता. दवाखान्यात, उताणी निजलेली असताना, डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा आवाज मोठा करून ऐकवला होता, आणि म्हणाल्या होत्या, बघा, तुमचं बाळ.

ती उठून आरशापाशी गेली. तिच्या लाल टिकल्या होत्या तिथेच होत्या. त्यांच्या शेजारी तिनं चिकटवलेल्या त्या उरलेल्या टिकलीची जागा मात्र रिकामी होती. मग तिला झिंगे आठवले.

बाहेर अंगणात सगळं गाव होतं, आयतं जमलेलं, हातात गूळही होता. बातमी तिच्या दातांपर्यंत आली होती. निदान लेकीला तरी आत्ताच्या आत्ता फोन करावा, किती महिने झाले, खाते का नीट, डॉक्टर काय म्हणतात. इतकी मोठी गोष्ट तिच्यासमोर झाकलेली, आणि झाकण तिच्या हाताशी. ती तशीच उभी राहिली. पिल्लाच्या डोळ्याकडे पाहत उभी होती तेव्हा वाळत गेलेला तो पापुद्रा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

रूपचंद चहा घेऊन आत आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं. "हे एक अजून चालूच हाय. कोणाचं व्हय?"

"राहू द्या जी," देवकन्या म्हणाली. "मशीनचं काही असंल." आणि तिनं खुंटीवरचा कोरडा फडका काढून पडद्यावर टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. गौतमीनं नागपुरात अकराही रेघा सपाट झालेल्या पाहिल्या होत्या. ती हसत होती, सगळी निघाली ना, नववं कसं आहे, असं एका दमात विचारत होती. देवकन्येनं सगळं सांगितलं, मावशीच्या गंजासकट. मग गौतमी एकदम थांबली. तिच्या लक्षात आलं असणार की जे आपल्याला दिसतं ते तिकडेही दिसतं.

"आई," तिनं हळूच विचारलं. "पेटीचा पडदा चालू आहे का अजून?"

"हाव. चालू हाय," देवकन्या म्हणाली. "मी त्याच्यावर फडका टाकला. तुले वाटंल तवा तू उघडजो. मी नाई उघडत."

पुढे तिनं काही विचारलं नाही. मग लेकीनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती हसली, लहानपणी लपाछपीत सापडल्यावर हसायची तशी.

"परवा तिसरा महिना पुरा झाला, आई," गौतमी म्हणाली. "मी येणारच होती सांगाले. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. बाबाले मी सांगते. बाकी..."

"बाकी कोणाले नाई," देवकन्या म्हणाली. "पेढे मी नऊ महिने भरल्यावर करीन. तवर साखर महाग होऊ दे."

रूपचंदच्या हाती फोन देऊन ती अंगणात आली. अनुसयामावशीनं तिचं तोंड निरखलं. अकरा पिल्लं झाली म्हणून बाई इतकी रडते का, तिला काही हे सरळ वाटेना. डोळे काहून ओले, तिनं विचारलं.

"वाफ हाय मावशी," देवकन्या म्हणाली. "खोलीत वाफ किती झाली होती, पाहिलं ना."

त्या संध्याकाळी तिनं चुलीवर भात चढवला आणि पेटीतल्या पिल्लांची चिवचिव ऐकत शेजारी बसली. झाकण तिनं एकदाही उचललं नाही. भात तळाला चांगलाच लागला. रूपचंदनं खरवड दोनदा मागून घेतली आणि असा भात आपल्या घरात आजवर झाला नव्हता, असं तो तोंड भरून म्हणाला.